माद्रिदचे तीन दिवस, पाचच्या आत

देवानंदनं माद्रिदच्या बगिच्यावर लाल पेनानं काट मारली तेव्हा कांता तांदूळ निवडत होती, पण तिची नजर सुपात नव्हती.

"तो काऊन खोडला जी?"

"झाडं हायेत. गवत हाय. वरून मधात बोडी बी हाय," देवानंद म्हणाला. "अजून काय पायजे?"

"बोडी नाई बाबा, तलाव हाय. लोकं नावेत बसून फिरतात," पाण्याच्या तांब्याला टेकवलेल्या मोबाइलमधून दिव्यानी जेवता जेवता म्हणाली. ही त्यांची एकुलती एक मुलगी. कंपनीनं तिला सहा महिन्यांसाठी माद्रिदला पाठवलं होतं, आणि मे महिन्यात आईबापाला तीन दिवस शहर दाखवायचंच, असं तिनं ठरवलं होतं. पासपोर्ट घरी येऊन पडले होते. तिकिटं आज काढायची होती.

देवानंदची तीस वर्षं वनरक्षकाच्या नोकरीत गेलेली. रकाने आखल्याशिवाय त्याला तहानसुद्धा लागत नसे. स्पेनसाठीही त्यानं चार आखले होते: वार, ठिकाण, पुढे कोण, मागे कोण. मागे कोण, तर तिन्ही दिवस तोच. खाली सूचना. एकट्यानं कुठे जायचं नाही. रस्त्यात वाकायचं नाही, बुटाची लेस खोलीतूनच बांधून निघायची. वाकलेला माणूस वाघाला जनावर वाटतो, हे ब्रह्मपुरीकडं कोणालाही विचारा. आणि सगळ्यात खाली, दोन रेघांच्या मध्ये: पाचच्या आत खोलीत.

"बाबा, इथी सूर्य साडेनऊले बुडते. पाच वाजता तं इथल्या लोकायची दुपार राह्यते."

"बुडो ना. आपण पाचले घरी."

"घरी नाई, हॉटेलात," कांता म्हणाली. "साडेचार घंटे काय भिंती पाहाच्या? भिंती इथी बी हायेत."

कांताला राजवाडा नको होता, चर्चही नको होतं. तिला एक संध्याकाळ पाहिजे होती, बाहेरची. लग्न होऊन आली त्याला सव्वीस वर्षं झाली. गावातल्या बाया उन्हाळ्यात दिवेलागणीपर्यंत दारात बसून गप्पा हाणायच्या; हिच्या दाराला पाचला कडी. वनखात्याचा माणूस, जंगलात काय काय पाहिलं असेल, म्हणून ती गप्प राहिली होती. आता समुद्र ओलांडायचा होता, आणि हा गृहस्थ वाघालाही सोबत घेऊन निघाला होता.

"काव दिव्यानी, तुह्या शहरात वाघ हाय का?" तिनं मुद्दाम मोठ्यानं विचारलं.

"प्राणिसंग्रहालयात असन, आई."

"ऐका. पिंजऱ्यात हाय. म्हणत असान तं पोरगी जाऊन पाहून येईन, कुलूप बराबर लागलं का म्हणून."

दिव्यानी हसली. देवानंद पेनाचं टोपण काढत राहिला, लावत राहिला.

"वाघासाठी नाई लावत मी दार," तो म्हणाला.

कांताचा हात सुपात थांबला.

"रीता गेली त्या दिवशी..."

रीता म्हणजे त्याची धाकटी बहीण. कांता या घरात येण्याआधीच ती गेली होती. मोहफुलं वेचून येताना वाघानं नेली, एवढंच कांताला माहीत होतं. भिंतीवर फोटो होता.

"मी पुढं, ती मांगं. डोक्यावर मोहाचे टोपले, मान वळवता येत नाई. म्हणून मी हाक देऊन राह्यलो होतो. रीता? ओ भाऊ. रीता? ओ भाऊ. गावच्या पांदणीपर्यंत."

"मंग?"

"पांदणीत टोपलं उतरवलं, मांगं पाह्यलं, तं कोणी नाई. तिचं टोपलं नाल्यावर भेटलं. दोन कोस मांगं."

दिव्यानीनं घास हातात तसाच धरला होता.

"मंग नाल्यापासून ओ कोण देत होतं?" कांतानं विचारलं, आणि विचारायला नको होतं असं तिला लगेच वाटलं.

"तेच तं." त्यानं दोन रेघा पुन्हा गिरवल्या. "तवापासून पाच वाजले का ते हाक देते. भाऊ नाई म्हणत आता. नावानं देते. घरात असलो, दार लावलं असलं, तं निभते. बाहेर राह्यलो तं एखाद्या दिवशी माह्या तोंडून ओ निघून जाईन."

शेजारच्या सुकलूच्या बकऱ्या घरी आल्या.

मग दिव्यानीच म्हणाली, तिच्या कंपनीतल्या लोकांशी बोलते तशी, अगदी सावकाश, "बाबा, इथी तुमचं नाव कोणाले मालूम हाय?"

देवानंदनं मान वर केली. ही गोष्ट रकान्यात बसण्यासारखी होती.

"कोणालेच नाई?"

"कोणालेच नाई."

"तुही आई?"

"मी सव्वीस वर्षांत कवा नाव घेतलं जी तुमचं?" कांता म्हणाली. "तं माद्रिदात घेईन?"

"पासपोर्टवर हाय ना पण."

"हाय," दिव्यानी म्हणाली.

"मंग पासपोर्ट खोलीत ठेवून निंगू. कुलपात."

त्यानं पाचवर काट मारली आणि शेजारी लिहायला घेतलं, साडेन... तिथंच त्याचा पेन थांबला. मान खाली, जबडा घट्ट. भिंतीवरच्या घड्याळात पाच झाले होते.

कांता उठली. आधी तिनं दाराला कडी घातली. मग मोबाइलचा आवाज होता तेवढा वाढवला आणि तो देवानंदच्या कानाजवळ आणून धरला.

"बोल व दिव्यानी," ती म्हणाली, "काईबी बोल. थांबू नको."