झोपवायचं काम

मांडणीवरचं झाकण खणकन फरशीवर पडलं आणि गरगरत वाजत राहिलं. गोधडीच्या आत आरतीने डोळे मिटून घेतले. रेकॉर्डिंग वाया गेलं.

तिने डोकं बाहेर काढलं. घामाने केस गालाला चिकटले होते. पंखा बंद, दार लावलेलं, वर गोधडी. यंत्राला बोलायला शिकवण्यासाठी लोकांचे आवाज विकत घेणाऱ्या कंपनीला घुमलेला आवाज चालत नाही. आजचं काम फोनवर आलं होतं : लहान मुलाला झोपवताना आई कशी बोलते, तसं दोन मिनिटं बोला. मागे दुसऱ्या कुणाचाही आवाज नको. काल पाठवलेली दोन्ही रेकॉर्डिंग नापास झाली होती. आजचंही झालं, तर काम कायमचं बंद.

"मी न्हाई पाडलं," मांडणीपाशी उभी असलेली चार वर्षांची संस्कृती म्हणाली. "ते आपलं आपन पडलं."

तेवढ्यात खिडकीच्या फटीतून शेजारच्या गोजरबाई डोकावल्या. "आरते, भर दुपारी गोधडीत शिरून अंडी उबवतीस काय गं?"

"काम करतीय, मावशी."

"लई भारी काम! आन् द्राक्षाच्या विरळणीला चल म्हनलं की नको म्हनतीस."

"तिथं पोरगी दिवसभर बांधावर उन्हात बसती, मावशी. हितं माझ्याजवळ तरी ऱ्हाती."

गोजरबाई हसत निघून गेल्या. आरतीने पोरीला पडवीत बसवलं, पुढ्यात चुरमुऱ्यांची वाटी ठेवली. "एवढं झालं की तुझ्यासंगंच खेळते. तवर तोंडावर बोट." मधलं दार लोटून ती पुन्हा गोधडीत शिरली.

"ये गं माझी बाय, ये कुशीत. दमलीस का खेळून? मीट बरं डोळे. आई हाय ना हितं..." बोलता बोलता तिचा हात आपोआप हलायला लागला, मांडीवर कुणी असल्यासारखा. आवाज इतका मऊ झाला, की तिचा तिलाच नवा वाटला.

पाठवलं. ती तशीच वाट बघत बसली. मग फोनवर हिरवी खूण आली. पास. तिने हसतच गोधडी बाजूला केली.

संस्कृती अगदी चिकटून उभी होती. तोंडावर बोट तसंच. दुसऱ्या मुठीत चुरमुरे.

"अगं, कवा आलीस तू?"

पोरीने बोट काढलं. "तू ये म्हनलीस तवाच. मी बोलले न्हाई. चुरमुरेबी खाल्ले न्हाई, वाजत्यात म्हनून."

"शानी गं माझी बाय ती."

"आई, तू कुनाला निजवत व्हतीस?"