नाव मागाहून

"कुटुंबाबद्दल एक अक्षर लिहायचं नाही, अशी अट आहे ताई," स्मरणिकावाले काका कॉम्प्युटरच्या पडद्यावरून म्हणाले. "बाईंचीच अट. आणि लेख तुम्हीच लिहायचा, हीसुद्धा. तुमचे आधीचे वाचलेत त्यांनी."

"म्हणजे बाई आहेत अजून?"

"आहेत. पण डॉक्टरांनी हात टेकलेत. स्वतःचा फॉर्म स्वतः भरून आणून दिला. असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघितलं बुवा!"

माणूस गेलं की त्याच्या आठवणीची छोटी पुस्तिका काका तिकडे मायदेशी छापत, आणि त्यातला लेख ती इकडे, दोन विमानं बदलून यावं लागे अशा देशात, पंख्याखाली बसून लिहीत असे. दोघांची ओळख फक्त पडद्यावरची. नाव काका कधीच आधी सांगत नसत. लेखात नावाच्या जागी टिंबं. नाव मागाहून. नाव कळलं की लिहिणारा गळा काढतो, असं त्यांचं ठाम मत.

या देशात थंडी औषधालाही नव्हती. कपाटातल्या चपलांना बुरशी, कीबोर्डात मुंग्या, रोज दुपारी तीनच्या ठोक्याला पाऊस. नवऱ्याची नोकरी इथली म्हणून ती इथली. सकाळी चिमणीला शाळेत सोडायचं आणि ती परत यायच्या आत लेख हातावेगळा करायचा, हा रोजचा झगडा. चिमणी आली की सरस्वती पळाली!

हे सगळं एक वेळ सोसलं असतं. पण आईला भेटून पाच वर्षं झाली होती. बाबा गेले तेव्हा गेली होती, तेवढंच. मग चिमणी झाली, मग तिची आजारपणं, मग शाळा. एकटी आई आणि एकुलती एक लेक.  येत्या सुट्टीत मात्र काहीही होवो, जायचंच. दोनच महिने उरले होते.

काकांनी टाइप करून पाठवलेला फॉर्म तिनं उघडला आणि वाचतच बसली. बाई साठी उलटल्यावर पोहायला शिकल्या होत्या. पहिल्या दिवशी तलावाच्या काठावर बसून रडल्या, दुसऱ्या दिवशी उतरल्या. स्कूटर शिकताना दोनदा पडल्या आणि तिसऱ्यांदा शेजारणीला मागे बसवून गावाबाहेरच्या टेकडीपर्यंत गेल्या. अंधांच्या शाळेत जाऊन मोठ्यानं पुस्तकं वाचायच्या. जिना उतरताना शीळ घालायच्या.

तिनं आईला फोन लावला. असलं काही वाचलं की आईला सांगितल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

"काय बाई आहे गं आई! मी तर तोंडात बोटच घातलं. नाहीतर तू! रस्ता ओलांडायलासुद्धा बाबांचा हात धरायचीस."

"धरायचे खरी." आई हसली. "मला कुठलं जमायला असलं. चिमणी काय म्हणते?"

"पोहायच्या वर्गाला घातलंय, तर काठ सोडत नाही कार्टी."

"घाई नको करूस. आधी पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढू दे. श्वास सोडायला आला की हातपाय आपोआप सुटतात."

"तुला गं काय कळतं त्यातलं?"

"टीव्हीवर बघितलं."

"आई, सुट्टीच्या आधीच येऊ का मी? फार वाटतंय गं."

"पोरीची शाळा बुडवून? काही नको. मी चांगली धडधाकट आहे. सावकाश ये."

लेख चार दिवसांत झाला. असा लेख तिच्या हातून आजवर झाला नव्हता. आईनंच आपण होऊन विचारलं, "वाचून दाखवतेस?" तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"ते स्कूटरवरून पडल्याचं काढ," आई म्हणाली. "लोक हसतील."

"अगं, त्यानंच तर बाई जिवंत वाटते!"

"मग असू दे. छान लिहिलंस हो. आणि ऐक, मी आठवडाभर मैत्रिणीकडे जातेय. तिथे फोन लागत नाही, उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. चिमणीचा पापा घे."

त्यानंतर पाचव्या दिवशी, चिमणी शाळेत असताना काकांचा मेल आला.

'ताई, बाई आज सकाळी गेल्या. पुस्तिका छापायला घेतो. एक विनंती आहे, रागावू नका. बाईंना एक मुलगी आहे, तुमच्याच देशात असते. तिला आजाराची काहीच कल्पना नाही. बातमी मी कळवावी असं बाईंनी सांगून ठेवलं होतं, पण माझ्या फोनवरून तिकडचा नंबर लागत नाही. तुम्ही कराल का फोन? जरा बेतानं सांगा. नंबर खाली देतोय.'

तिला भरून आलं. लगेच रागही आला. सख्खी मुलगी, आणि कल्पनासुद्धा नाही? फोनवर काय नुसत्या हवापाण्याच्या गप्पा मारते की काय ही बया? मग तिची तिलाच लाज वाटली. आपण तरी कुठे मोठे दिवे लावलेत? बास झालं. शाळा बुडली तर बुडली, आजच तिकीट काढायचं.

पण आधी हे काम. पहिलं वाक्य काय बोलायचं ते तिनं कागदावर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. 'तुम्ही बसला आहात ना?' हे बरं वाटलं. बिचारी आत्ता या घटकेला स्वयंपाकघरात काहीतरी आवरत असेल.

ती घोटभर पाणी प्यायली. फोन हातात घेतला आणि पडद्याकडे बघत एकेक आकडा दाबायला लागली. शेवटचे चार आकडे बोटांनी न बघताच दाबले. नंबर तिचाच होता.