चौथं बटन

लकव्यानं वाचा गेलेल्या बाबांसमोर पूनमनं मोताळ्याहून आणलेला जुना लॅपटॉप आज दुसऱ्यांदा ठेवला. आजवर परीक्षेच्या पेपरात प्रोग्राम लिहून पास झालेल्या या पोरीनं पहिल्यांदाच स्क्रीनवर स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामची खिडकी उघडली होती. खिडकीत चार मोठी बटनं होती: पाणी, चहा, दुखतंय आणि आशा. जे दाबलं तो शब्द लॅपटॉप मोठ्यानं बोलणार होता. लग्नापासून बाबा आईला नुसतं 'अवं' म्हणत आले होते, पण बटनावर 'अवं' काय लिहायचं, म्हणून तिनं आईचं नाव टाकलं.

सकाळी बटन दाबताच सगळं हँग झालं होतं आणि बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. आताही तसंच झालं, तर ते पुन्हा माऊसला हात लावणार नव्हते.

"हयूहयू न्या, बाबा. घाई नाही."

डाव्या हाताखालचा माऊस थरथरत सरकला. बाण पाण्यावरून गेला, चहावरून गेला, 'दुखतंय'वर अडखळला. बाण शेवटच्या बटनावर थांबला आणि बाबांनी बोट दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग लॅपटॉपमधला पुरुषी आवाज खणखणीत बोलला, "आशा."

स्वयंपाकघरातला भाकरी थापल्याचा आवाज थांबला. पिठाच्या हातानंच डोक्यावर पदर घेत आई लगबगीनं आली आणि बाहेरच्या दाराकडे पाहत म्हणाली,

"पूनम, माह्या माहेराहून कोन आलं वं?"