मुहय्योची दुर्बीण

"ती दुर्बीण आजच्या आज उतरवा!" शेजारचा तुरसुन आका मुहय्योच्या छतावर चढल्या चढल्या गरजला. "आमच्या घरात लेकीसुना आहेत की नाहीत?"

मुहय्योच्या अंगाची लाही लाही झाली. दिवसभर दवाखान्यात लोकांचे दात काढायचे आणि संध्याकाळी घटकाभर गुरू-शनी बघायचे, एवढाच त्या विधवेचा शौक. दुर्बिणीचा आरसा तिने स्वतः घासून घासून बनवला होता. पण बुखाऱ्याच्या त्या गल्लीत छताला छत लागलेलं आणि जिभेला हाड नाही. आता मोहल्ल्यातले वडीलधारे नुरिद्दीन बोबो निवाडा करायला आले होते. त्यांनी मान हलवली की दुर्बीण भंगारात.

"मी तारे बघते, आका. तुमच्या अंगणात बघण्यासारखं आहे तरी काय? तुमची बकरी?"

जमलेले शेजारी हसले.

"चोराच्या उलट्या बोंबा!" तुरसुन पेटला. "बाईमाणसाला आभाळात काय काम? खाली बघते ही, खाली!"

"मग आधी तुम्हीच बघा ना यातून!"

"तोबा तोबा! या पापाच्या नळीला मी कधी डोळा लावला नाही, लावणारही नाही."

मुहय्योला रडू फुटायचं बाकी होतं, पण या माणसापुढे रडायचं? मेले तरी नाही! ती बोबोंकडे वळली. "बोबो, ही आभाळासाठी आहे. जमिनीवरचं बघायला हिचा काडीचा उपयोग नाही."

"धादांत खोटं!" तुरसुन मध्येच तोंड घालून म्हणाला. "सगळं लख्ख दिसतं! बोबो, तुमची सून तुतीखाली केस वाळवत बसते ना? तिच्या कानातले डूलसुद्धा मोजून घ्या! फक्त वटवाघळासारखी उलटी लटकलेली दिसते, एवढंच!"

"आका, ऊन लागलं का तुम्हाला?" कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हशा पिकला.

बोबो हसले नाहीत. "मुली, माझ्या अंगणाकडे वळव."

मुहय्योने नळी वळवली. बोबो वाकले, डोळा लावला आणि तसेच राहिले. आत तुतीचं झाड शेंड्यावर उभं होतं, बुंधा वर आभाळात गेला होता.

बऱ्याच वेळाने ते सरळ झाले. दाढीवरून हात फिरवला.

"तुरसुन," ते म्हणाले, "माझी सून तुला उलटी कधी दिसली रे?"