शिट्टी होईपर्यंत

"ड्रमची पडलेली काठी उचलायला वाकलीस कशाला?" सरावाच्या वेळी मास्तर सख्ख्या नातीवरच कडाडले. "पडलं ते पडलं! नजर समोर, पाय चालू. मी शिट्टी मारेपर्यंत कुणीही थांबायचं नाही!"

याच शिस्तीवर त्यांनी पोरांचं ड्रम-बिगुल पथक चाळीस वर्षं चालवलं होतं. काय बिशाद होती कुणाची मान वळवायची!

पथकाच्या वर्धापनदिनाच्या संचलनात मास्तर नेहमीसारखे सगळ्यांच्या पुढे होते. हल्ली बघायला काळं कुत्रंही येत नसे. सुनसान पुलावर त्यांच्या छातीत कळ आली आणि ते कोसळले. मागची रांग त्यांच्यापाशी दुभंगली, दोन्ही अंगांनी पुढे गेली आणि पलीकडे पुन्हा जुळली. एक ठोका चुकला नाही.

"आजोबा!" नातीचा हात थबकला.

"नजर समोर!" शेजारची पोरगी तिच्यावर खेकसली, थेट मास्तरांसारखी.

नात पुढे गेली.

इतकी चोख रांग मास्तरांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. गळ्यातली शिट्टी त्यांनी कशीबशी ओठांत धरली आणि फुंकली. नुसती हवा गेली. पथक वाजत गाजत पूल उतरलं.