मीनाबाईंची गाडी

गाडी वळणावर कठड्याला धडकली आणि मीनाबाईंच्या आधी अतुलचं बोट हललं. त्यानं एक बटण दाबलं, तशी गाडी धडकेच्या आधी होती तिथं परत आली. सकाळपासून हे अकराव्यांदा.

टीव्हीवरचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारं ते सॉफ्टवेअर त्यानं सीडीवर घालून आणलं होतं. कॉलेजातल्या नव्या मशीनवर चाले तसंच ते घरच्या जुन्या डब्यावरही चाले. तीन महिन्यांपूर्वी मीनाबाईंना, त्याच्या आईला, अर्धांगाचा झटका आला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, बोटं हलती ठेवा, नाहीतर उजवा हात गेला म्हणून समजा. बावीस वर्षं राजारामपुरीत टायपिंगचा क्लास चालवणाऱ्या बाईचा हात. पण आई हरलेली अतुलला बघवेना. म्हणून त्यानं गेमचा वेग निम्म्यावर आणून ठेवला होता आणि सगळी बटणं तिच्या धडधाकट डाव्या हाताखाली घेतली होती.

मीनाबाईंनी कीबोर्ड पुढं ढकलला.

"गाडी माझी, आणि चालवतोयस तू," त्या म्हणाल्या. "आजारी कोण हाय मग आपल्यात?"

अतुल ओशाळला. त्यांनी त्याच्याकडून सगळं बदलून घेतलं. वेग पूर्ण. मागं नेणारं बटण बंद. गाडी पळवायचं बटण डावीकडून काढून 'J' या अक्षरावर, उजव्या तर्जनीखाली. अजून महिनाभर थांबू, असं तो म्हणून बघत होता, पण त्यांनी दाद दिली नाही. डाव्या हातानं उजवा हात उचलून त्यांनी तो कीबोर्डवर ठेवला, क्लासातल्या नव्या पोरीचा ठेवावा तसा.

शर्यत सुटली. बाकीच्या गाड्या भुर्रकन निघून गेल्या. मीनाबाईंची जागची हलेना. अतुल उठला, बसला, पुन्हा उठला. न राहवून त्यानं हात पुढं केला, तर त्यावर डाव्या हाताची सणसणीत चापट बसली.

गेलेल्या गाड्या फेरी मारून मागून आल्या आणि परत पुढं गेल्या. तेव्हा कुठं तर्जनी वाकली. बटण दबलं. गाडी हातभर सरकली आणि थांबली.

"चार," पडद्यावरचा आकडा वाचताना अतुलचा आवाज फाटला. "आई, ताशी चार..."

"बस खाली," मीनाबाई म्हणाल्या. "पैल्या महिन्यात आमी स्पीड मोजत न्हाई."