वाजू द्यायचा फोन

फोन वाजला आणि पंचशीला दचकली. रोज सकाळी याच वेळी वाजायचा तो. पण रोज फोन करणारा माणूस आज समोर बसून दाढी करत होता.

"कुणाचा गं?" तोंडावरच्या फेसातून धम्मपालनं विचारलं.

"तुमचा!"

ठरलेलं होतं तसं. चितेगावच्या कंपनीत पोचलं की त्यानं गेटसमोरच्या बूथवरून घरी रिंग द्यायची. इकडं कुणी उचलायची नाही. उचलली की बूथवाल्याला पैसे. नुसती वाजली की फुकटात कळतं, माणूस पोचला. विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर तापलं होतं. पैठण रोडला कधी बस अडवायचे, कधी दगड यायचा. रस्त्यात कुणी नाव विचारलं तर धम्मपाल खोटं सांगणारा नव्हता, आणि ते नाव ऐकल्यावर पुढं काही विचारायची गरज नव्हती. म्हणून तो निघाला की पंचशीला खिडकीला चिकटायची. मांडीवर तान्ही संघमित्रा रडायची. छातीला लावली तरी तोंड फिरवायची. काळजीनं दूधच उतरायचं नाही. फोन वाजला की पंचशीलाचे खांदे सैल पडायचे, आणि मग पोरगी घटाघटा प्यायची.

आज बंदमुळं कंपनीची बस आलीच नव्हती. तरी फोन वाजत होता.

तिनं पहिल्यांदाच तो उचलला. "हॅलो? कोण बोलतंय?"

कुणीच बोलेना. नुसती एक धून, पेटीवर एका बोटानं वाजवल्यासारखी. पुन्हा पुन्हा तीच.

"अहो, तुम्ही बूथवरून रोज..." पंचशीला नवऱ्याकडं वळली.

"बूथ? त्याच्या काचा फुटल्या तेव्हापासून तो बंद आहे. आईला बोललो होतो. तुला कशाला घाबरवायचं? म्हटलं, रिंग नाही आली तर तू विचारशीलच. तू विचारलंच नाहीस. मला वाटलं, धीट झालीस."

म्हणजे नवरा घराबाहेर पडला की कुणीतरी रोज फोन करतंय. त्याला आपली वेळ माहीत आहे. आणि आपण मात्र तो ऐकून हसत होतो! तिनं पोरीला उचलून पोटाशी धरलं.

"हा फोन आजच्या आज काढून टाका."

"अगं, नंबर लागायला वर्षं गेली!"

शेवटी शेजारच्या पुंजारामला हाक मारली. तो टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"धून कशी होती वहिनी? म्हणून दाखवा बरं."

रडवेल्या आवाजात तिनं ती म्हणून दाखवली. पुंजाराम हसायलाच लागला.

"हे माणूस नाही हो, मशीन आहे! नव्या एक्स्चेंजची सोय. ह्याच फोनची बटणं दाबून आदल्या दिवशी वेळ लावून ठेवायची, की सकाळी तो आपोआप वाजतो. लोक झोपेतून उठण्यासाठी लावतात."

"मग बंद कसं करायचं?"

"बंद काय करायचं? लावणाऱ्यानं लावायचं थांबवायचं." त्यानं स्वयंपाकघराकडं पाहिलं. "मावशी, सांगू का आता?"

आतलं भाकरीचं थापटणं थांबलं. पिठाचे हात तसेच घेऊन सासू, मुक्ताबाई, दारात आल्या. त्या रोज दिवेलागणीला पदरानं फोन पुसत बसायच्या. "आईचं दुसरं नातवंड," असं धम्मपाल चिडवायचा.

"तुम्ही लावत होता, आत्याबाई?"

"व्हय. पुंजारामनं शिकिवलं. धम्मा बूथ फुटल्याचं बोलला, तवाच म्हणलं, आता ही खिडकीतच बसती अन् लेकरू उपाशी ऱ्हातं. आज बस येणार नाय, हे म्या कुठून जाणावं?"

धम्मपालला हसू आवरेना. पंचशीलाला मात्र रडू फुटलं, आणि रागही आला.

"हसता काय? आत्याबाई, वाटेत खरंच काही झालं असतं तर? मी इथं निवांत पाजत बसले होते! ते पोचले की नाही, मला काहीच माहीत नव्हतं!"

मुक्ताबाई जवळ आल्या. पीठ लागू नये म्हणून नुसतं मनगट त्यांनी नातीच्या गालावरून फिरवलं.

"मला तरी कुठं ठावं व्हतं, पोरी?" त्या म्हणाल्या. "पर मला कुणाला पाजायचं नव्हतं."